आत पडल्याचा आवाज

चि. ठोंब्या,

कोपऱ्यावरची टपालपेटी नेली रे. मागचं पत्र टाकायला गेले तर भिंतीवर नुसते चार बोल्ट. शेजारी बसणारा चांभार म्हणाला, "मावशी, सकाळीच उचलली. म्हणे एकाच बाईची पत्रं निघतात हिच्यातून." ती बाई कोण, हे त्याला ठाऊक होतं. मान खाली घालून टाके घालत राहिला.

तुझ्या बाबांची रीत आठवते? पत्र सोडायचं, पेटीला कान लावायचा आणि आत 'टप्प' झाल्याशिवाय हलायचं नाही. तुलाही उचलून ऐकवायचे. ते गेल्यावर मी तशीच भर रस्त्यात कान लावून उभी राहायचे. हसेनात का लोक!

मग मोठ्या पोस्टात गेले. तिथल्या मुलीनं पत्र हातातून घेतलं आणि अलगद गठ्ठ्यावर ठेवलं. आवाज नाही, काही नाही. "दे ते परत," म्हटलं आणि घरी घेऊन आले.

तू म्हणशील, फोन कर ना. करते की. "बोल आई, मीटिंगमध्ये आहे," म्हणतोस. मग काय बोलू, कपाळ?

उत्तर लिही असं म्हणत नाही. तुला वेळ कुठला!

आपल्या दाराला पत्रांची फट आहे अजून. दोन्ही पत्रं एकाच पाकिटात घालते, म्हणजे आवाज नीट येईल. बाहेर जाऊन फटीतून आत सोडते आणि दाराला कान लावते. मग कुलूप उघडून आत येईन, तेव्हा उंबऱ्याशी पत्र आलेलं असेल.

तुझी,
आई