दोराचं दुसरं टोक

११ मे
परत तेच! झेयनेप जेंगे — जेंगे म्हणजे वहिनी, म्हणायला दादाची बायको, खरं म्हणजे माझा छळ. बुडी मारताना माझा दोर तिच्या हातात दिला की माझ्या कमरेला चैन नाही. वितळलेल्या बर्फाचा गाळ तोक्तोगुलच्या जलाशयात उतरलाय, खाली स्वतःचा हातही दिसत नाही. माशांच्या पिंजऱ्याचं फाटलेलं जाळं बोटांनी चाचपत शोधायचं — तेवढ्यात झटका. ‘ठीक आहेस?’ एक झटका परत देते. ठीक! लगेच दुसरा. जाळं शोधायचं की हिला उत्तरं द्यायची?
वर येऊन ओरडले. म्हणाली, “ओरडतेयस म्हणजे जिवंत आहेस.”

१३ मे
आज असा हिसका दिला की पिशवी सुटली. गोळा केलेले सगळे मेलेले ट्राउट मासे पुन्हा तळाला! दादा याच पाण्यात गेला, मान्य. पण म्हणून मला गळाला लावून ठेवणार?
मत्स्यशेतीच्या मालकांना सांगितलं — दोर धरणारं माणूस बदला.

१४ मे
नवा माणूस आला, तालाय नावाचा. शांत. कंबर सुखावली.

१७ मे
पेन कागदात रुततंय. रागाने!
पाठीवरची टाकी जुन्या जाळ्यात अडकली. वळलं की आणखी गुरफटतं. थांबले. श्वास लांब केला. दोर चार वेळा ओढला — ‘वर घे!’ दोर नुसताच हातात येत राहिला. सैल. मग मागे हात घालून एकेक धागा चाचपला, सुरीने कापला. हवा किती उरलीय, काटा डोळ्यांशी धरूनही कळेना. पिंजऱ्याला धरधरून वर आले.
तालाय तराफ्यावर फोनवर बोलत होता! दोर पायाशी. म्हणे, “मला वाटलं, तुलाच जास्त दोर हवाय.”

१८ मे
जेंगेकडे गेले. पीठ मळत होती. वर न बघताच म्हणाली, “काय गं, पुरली शांतता?”
“ये ना परत.”
“दोर नाही धरणार आता. मला खाली ने.”
“वेड लागलंय का तुला?”
“तुझा दादा कुठे होता, ते बघायचंय.”
“अगं, खाली काही दिसत नाही!”
“तेच बघायचंय.”
नाही म्हणून सांगून आले. हट्टी बाई!

२१ मे
ऐकेल तर जेंगे कसली! धक्क्याजवळ नेलं, छातीभर पाण्यात. दादाचा डायव्हिंगचा सूट, तिला ढगळ. खाली बसली, आणि डोकं गढूळ पाण्यात दिसेनासं झालं.
बुडबुडे येत होते, अगदी समोर. तरी मी तिच्या कमरेचा दोर ओढला. तिने एक झटका परत दिला.
मी लगेच पुन्हा ओढला.