मोजणीला कमी पडलेलं एक डोकं

चि. मेकेल, तुझ्या गुडघ्याला आणि तुझ्या रागाला, दोघांनाही उतार पडला असेल असं धरून थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. फोन केला की "ताई, ट्रक भरतोय" म्हणून तू मला मध्येच तोडतोस, पत्राला तसं तोडता येत नाही. सांगतेय मी, लिहितेय नात एवुल. (ती म्हणते, आजी, हळू सांग. बटाटे काढताना आम्हाला कुणी हळू काढा म्हणालं नव्हतं.)

तर आमच्या शाळेची मोजणी झाली. शाळा कसली, सरकारदरबारी तो अख्खा शिक्षण-जिल्हा आहे, आणि तो एका इमारतीत मावतो: सातवी ते बारावीची मूठभर पोरं आणि त्रुहियोबाई. जिल्ह्याच्या प्रमुख त्याच, मुख्याध्यापक त्याच, बसही त्याच चालवतात. (रजा हवी असली की स्वतःलाच अर्ज करतात आणि स्वतःच नामंजूर करतात.) निम्म्या पोरांना पोटभर जेवण मिळतं ते तिथेच. दर ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला राजधानीतून एक माणूस येऊन डोकी मोजतो. यंदा चाळीस भरली नाहीत तर शाळेला कुलूप आणि पोरं सत्तर मैलांवरच्या मोठ्या गावात. आपली पोरं कसली तिथे जातात, सरळ शेतात जातील. आणि हा मुहूर्त कुणी काढला देव जाणे, नेमका बटाटे काढायच्या आठवड्यात. त्या सकाळी वर्गात होती एकोणतीस.

त्रुहियोबाई बस घेऊन माझ्या दारात. मुकादम त्यांना जुमानत नाहीत म्हणे. मला जुमानतात, कारण त्यातल्या निम्म्यांची नाळ मी कापलीय. शेताशेतातून बस फिरवली, दिसेल त्या पोराला "चढ" म्हटलं, आणि आकडे मला लिहिता येत नाहीत म्हणून चढणाऱ्या दर पोरामागे एक बटाटा ओटीत टाकला. अकरा बटाटे झाले. पापण्यांपर्यंत धूळ, सगळी एकाच आईची वाटत होती.

त्या माणसाने दोनदा मोजलं, चाळीस. मी ओटी दाखवली, हिशोब जुळला. मग तो एकेकाचं नाव विचारत सुटला, आणि पहिल्या बाकावरचा उठून म्हणाला, शुन. अरे, तो आपल्या मुकादमाचा मेव्हणा, वय एकतीस, दोन लेकरांचा बाप. उंची बेताची, त्यात तोंडावर माती. मी म्हटलं, मेल्या, बोलला का नाहीस? तर खाली बघून म्हणतो कसा, "मालआजी, तुम्ही चढ म्हणालात. मला आजवर कुणी शाळेत चल म्हटलं नव्हतं." शेजारच्या पोरीकडून वहीही मागून घेतली होती त्याने.

मी त्रुहियोबाईंना डोळ्यांनी खुणावलं, गप्प बसा. तो माणूसही भला, खिडकीबाहेर बघत उभा राहिला. पण बाईच म्हणाल्या, "हा आमचा नाही. एकोणचाळीस लिहा." (अशा बाईला काय म्हणावं? मी नंतर तिच्यासाठी मक्याच्या पानात वाफवून तमाले केले.) नियमात दहा तारखेपर्यंत सवड आहे म्हणून कुलूप तेवढं थांबलंय. शुन मात्र शेवटची घंटा होईपर्यंत हलला नाही.

बाकी सगळं ठीक. एवुलचा खोकला गेला.
तुझी थोरली बहीण, माल

ता. क. तुझ्याकडे काही मागण्यासाठी हे लिहिलेलं नाही.

ता. क. आणखी एक. मागण्यासाठीच लिहिलंय. चाळिसावं डोकं तुझ्या घरी आहे. वसंतात तू लोलेनला शाळेतून काढून बटाटे निवडायला बसवलंस, म्हणालास पोरीच्या शिकण्याचा घराला काय उपयोग. सोमवारी बस तुझ्या वळणावर थांबेल.

ता. क. शेवटचा. मला वाचता येत नाही, तुला येत नाही, तुझ्या बायकोलाही येत नाही. म्हणजे हे सगळं आत्ता तुला लोलेनच वाचून दाखवतेय. लोलेन, बाळ, लाजून ही ओळ गाळू नकोस. कागद बाबाच्या हातात दे आणि म्हण, पुढचं तुम्ही वाचा.