साहेबाची बाई

४ फेब्रुवारी, मंगळवार

"तुम्ही खोलीत नाहीच आहात असं समजा!" — डॉक्टरीणबाई. आज तिसऱ्यांदा. कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीवर बसायचं, पट्टा धरायचा, तोंड उघडायचं नाही. मुलांनी काय सांगायचं ते कुत्र्याला सांगायचं. मी म्हणजे पट्ट्याचं दुसरं टोक.

अडतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. टाचणी पडली तर ऐकू यावी असा वर्ग! आणि आता ओळख काय, तर 'साहेबाची बाई'. मुलांच्या या समुपदेशन केंद्रात कुत्र्याला सगळे साहेब म्हणतात. साहेब आले, साहेबांना पाणी ठेवा. मला पाणी कुणी विचारत नाही.

आणि साहेब तरी माझा कुठे? लेकीचा. घर सोडून गेली तेव्हा टेबलावर चिठ्ठी — 'जागा मिळेपर्यंत कुत्रा सांभाळ.' तीन वर्षं झाली. फोन नाही, काही नाही. मीही केला नाही. मी का करू?

जनावरांच्या डॉक्टरांनी सुचवलं, भारी शांत आहे, मुलांच्या कामाला लावा. त्याची रीतसर परीक्षा झाली. माझी कुणी घेतली नाही.

११ फेब्रुवारी

नवी मुलगी. दहा वर्षांची. शाळेत वर्षभर अवाक्षर काढलेलं नाही. मी मनातल्या मनात तिला चिमणी म्हणते. आई बाहेर बाकावर, ताठ, पर्स मांडीवर घट्ट.

चिमणीच्या हातात ब्रश दिला. पंचवीस मिनिटं साहेबाची पाठ विंचरत होती. मग अगदी हळू — "दुखतं का रे?"

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. नंतर आनंदीआनंद! केवढी प्रगती! साहेबाला बिस्कीट, बाईंच्या फाइलीत दोन पानं. मी सतरंजी झटकली.

१२ फेब्रुवारी

घरभर केस. बोलायला कुणी नाही, झाडायला मात्र आहे.

१८ फेब्रुवारी

आज चिमणी साहेबाशेजारी आडवी झाली. तोंड त्याच्या कानाशी. डॉक्टरीणबाई खिडकीपाशी, त्यांना ऐकू जाण्यासारखं नव्हतं. मी हातभर अंतरावर.

"माझी आई मारत नाही. ओरडत पण नाही. ती बोलायचीच बंद होते. मागच्या वेळी सहा दिवस. जेवायला वाढते, पण बघत नाही. मग मी पण बंद झाले."

साहेब जीभ फिरवायला लागला, मान वळवली. म्हणजे दमला. अशा वेळी थांबवायचं, हा माझाच नियम. थांबवलं नाही. तळहाताला घाम आला होता, पट्टा निसटत होता.

सहा दिवस! मी एकोणीस काढले होते. लेकीनं मला न विचारता नोकरी सोडली म्हणून. ताट वाढायचं, झाकायचं, आपल्या खोलीत जायचं. काय तो अभिमान — बघू कोण आधी वाकतं! विसाव्या दिवशी ती बॅग घेऊन गेली.

ऐकलं ते डॉक्टरीणबाईंना सांगितलं, चिमणीपुरतंच. "हे आपण सावकाश घेऊ. तुम्ही मात्र कुणाशी बोलू नका हं." बरं, म्हटलं.

२५ फेब्रुवारी

बोलले.

फाटकापाशी चिमणीच्या आईनं गाठलं. "काकू, काय सांगते हो ती कुत्र्याला? मला तर काहीच सांगत नाही."

साधा प्रश्न. माझ्या तोंडून मात्र सुटलं — "सहा-सहा दिवस तोंड शिवून बसता, मग पोरीनं सांगायचं कुणाला? भिंतीला?"

बाईचा चेहरा पांढराफटक. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं.

४ मार्च

चिमणी आली. साहेबाकडे पाठ करून बसली. तो गेला, पायाशी बसला. तिनं पाय वर घेतले. एकदाच वळून बघितलं — त्याच्याकडे नाही, माझ्याकडे.

घरी आईनं विचारलं होतं म्हणे, "कुत्र्याजवळ माझ्या चुगल्या करतेस?"

पोर गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी दार लावलं. "तिची एकच जागा होती हो. एकच. आणि ती तुम्ही..." पुढं बोलल्याच नाहीत. थोड्या वेळानं — "साहेब येऊ दे. पट्टा मीच धरीन."

कुत्रा चालेल, बाई नको! रस्त्यात हसूच फुटलं. लोक बघत होते. घरी कुलूप काढताना संपलं ते.

मी चुकीचं काय बोलले? उत्तर बरोबरच होतं. रीत चुकली. रीत चुकली की मी मुलींचे अर्धे गुण कापायचे, रडल्या तरी द्यायचे नाही.

आणि ते वाक्य त्या बाईसाठी नव्हतंच. ते मला कुणीतरी तीन वर्षांपूर्वी सुनवायला हवं होतं. सुनवलं असतं तर मी त्या माणसाशीही बोलणं टाकलं असतं!

९ मार्च

लेकीचा नंबर काढला. चष्मा पुसला. फोन ठेवून दिला.

११ मार्च, मंगळवार

सकाळी डॉक्टरीणबाई स्वतः येऊन साहेबाला घेऊन गेल्या. चिमणी येणार का, विचारलं. "माहीत नाही. आम्ही जाऊन बसणार." मला घरात बसवेना. अकराला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"कुत्रा गेला का?" — लेकीचं पहिलं वाक्य. रडायच्या बेतात.

नाही गं, म्हटलं. चांगला आहे.

"मग? मला वाटलं, तेवढ्यासाठीच करशील तू फोन."

म्हटलं, माझं चुकलं, ते सांगायला केलाय.

पलीकडून काहीच नाही. बराच वेळ. पण तिनं फोन ठेवला नाही.