तिथल्या घड्याळात सकाळ होती

सदाशिव पेठ, पुणे
१४ जुलै २००९

प्रिय दीपमालावहिनींस,

सप्रेम नमस्कार. खराडीत लेकीकडे रुळलात, हे अपेक्षाकडूनच कळलं. इकडे पेठेत सगळं क्षेम, म्हणजे पाणी कमी दाबाने आणि सल्ले जास्त दाबाने येतात.

आमच्या ब्लॉगबद्दल लिहायचं होतं. अमेरिकेतल्या चार पोरांनी ही फुकट लिहायची जागा काढली, मग एका मोठ्या कंपनीने ती विकत घेतली, तरी भाडं लागलं नाही. पुणेकराला आणखी काय हवं? दिगंबर आणि मी चार वर्षं तिथे गावाला नावं ठेवली. आता तो नाही, म्हणून सगळं उतरवून घ्यायला मी अपेक्षाला पासवर्ड दिला. काल तिचा फोन आला.

“काका, टाइमझोन कधी बदललाच नाहीत? तुमचा ब्लॉग अजून कॅलिफोर्नियात आहे!”

“तुझे बाबा म्हणायचे, फुकटच्या जागेत भिंतीवरच्या घड्याळाला हात लावू नये.”

ती खूप हसली. मी फोन ठेवला आणि बोटांवर तास मोजले.

वहिनी, त्याची शेवटची नोंद आठवा. तो दुपारी गेला, नोंदीवर त्याच दिवशीची सकाळ. आपण ती वाचली दुसऱ्या दिवशी. घरी माणसं जमलीत, शेजारचे तात्याराव दारातच “गॅस बंद केलाय ना?” विचारतायत, असं सगळं त्यात होतं. “त्याला आधीच कळलं होतं,” म्हणून तात्याराव रडले. पण तिथली सकाळ म्हणजे आपली रात्र. तोवर आपण वैकुंठ स्मशानभूमीतून परत आलो होतो.

नोंद लिहून पुढची वेळ लावून ठेवता येते, मान्य. तात्याराव लावून ठेवता येत नाहीत.

पासवर्ड तेव्हा तिघांनाच ठाऊक होता: त्याला, मला, तुम्हाला. मी लिहिलं नाही. काल म्हटलं, वहिनींनीच लिहिलं असणार, आणि झकास लिहिलं! त्या आनंदात शेवट पुन्हा वाचला. “रंगनाथ माझ्या चपला घालून गेला. घरी गेल्यावर कळलं, तेव्हा कॉटखाली सरकवल्या. परत आणायला सांगा. मला अजून निघायचंय.”

तेव्हा मी सर्वांना सांगितलं, थट्टा आहे. थट्टा नव्हती. तुमच्या दारातल्या ढिगातून मी त्याच्याच चपला घालून आलो होतो, आणि लाजेने कुणाला बोललो नाही. मी एकटा राहतो, वहिनी. कॉटखाली पाहणारं इथे कुणी नाही.

हे कागदावर लिहितोय, कारण तिथे काही लिहायचा आता धीर होत नाही.

काल संध्याकाळी चपला पुसून तुमच्या बंद दारासमोर ठेवून आलो, तोंडं जिन्याकडे करून. आज पाहायला गेलेलो नाही. तुम्ही फक्त कळवा, की ते तुम्ही लिहिलंत. खोटं असलं तरी चालेल.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
रंगनाथ