गोव्यातली अर्धवट शर्यत

आये,

दिशाचा नमस्कार. मी बरी हाय, जेवलेपण. फोनवर तुझा आवाज ऐकला तर रडेन, म्हणून लिहिते.

मोसमातली ही पहिलीच शर्यत. समुद्रातून पोहून सगळ्या पोरींच्या आधी मीच बाहेर आले. सायकलपण चांगली झाली. मग धावताना डावा गुडघा आखडला. लंगडत चालले, शेवटी रस्त्यातच बसले. शर्यतीचा माणूस म्हणाला, "ताई, नंबर काढा." मीच छातीवरचा नंबर काढून दिला.

डॉक्टर म्हणतात, आता पळणं न्हाय. आये, मला दुसरं काय येतं गं?

बाबांचा खोकला कमी हाय का? जीवनदादानं आपल्या धामणकर नाक्यावर माझ्या फोटोचा बॅनर लावलाय म्हणे. मी यायच्या आत तो उतरवायला सांग.

तुझीच,
दिशा