तांदळातलं पाऊल

३ तारीख, मंगळवार

आले एकदाची! अँब्युलन्सवाल्या दोघांनी मला खुर्चीसकट उचलून घरात आणलं, तेव्हा समोरच्या खिडक्यांमध्ये बघे जमले होते. मी नेत्यासारखा हात हलवला. छोटी शरमेने अर्धी झाली. छोटी म्हणजे माझी धाकटी बहीण. पंचेचाळिशी उलटली तरी छोटीच.

माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हिचं तळमजल्यावर. डॉक्टर म्हणाले, बहिणीकडे जा, म्हणून स्वारी इकडे. हे घर तिने नुकतंच भाड्याने घेतलंय, मी पहिल्यांदाच बघतेय. मेहुणे जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यात. म्हणजे आम्ही दोघीच. खूप वर्षांनी असा योग आला.

खोली मस्त आहे. पलंगावर पायाखाली उशांचा डोंगर, कारण पाय छातीपेक्षा उंच हवा. दोन दारं आहेत. एक घरात उघडतं. त्यातून स्वयंपाकघराची एक पट्टी दिसते, गॅस, त्याच्या शेजारी बाहेर जायचं मागचं दार आणि गॅसपाशी उभी असली तर छोटीची पाठ. दुसरं बाजूच्या बोळात उघडतं, पण त्याला कायम कडी. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात दुधी काच आहे आणि बोळात खडी पसरलेली. दुपारी तिथून ऊन येतं.

पाय कसा मोडला ते सांगायची लाज वाटते. रस्त्यात एका बाईची चाल बघत होते आणि फुटपाथ संपला. घोटा तीन ठिकाणी मोडला. आता आत पट्टी आणि स्क्रू आहेत, मी अर्धी हार्डवेअरचं दुकान झालेय. डॉक्टरांनी बजावलंय की ते सांगेपर्यंत पाय जमिनीला टेकवायचा नाही. स्क्रू हलले तर पूर्वीसारखं पाऊल पुन्हा पडणार नाही.

आणि पाऊल हेच माझं पोट. सिनेमात नायिका चालते ना, तो आवाज माझा. शूटिंगच्या वेळी पावलं नीट ऐकू येत नाहीत. मग नंतर स्टुडिओत, पडद्यावर बघत, आम्ही जागच्या जागी चालतो, कधी फरशीवर, कधी वाळूवर, कधी फळीवर. मी नवरी चालल्येय, फौजदार चालल्येय, खुनी चालल्येय, एकदा घोडासुद्धा. रेकॉर्डिंगवाले साहेब मला टपटप म्हणतात. पुढचं मोठं काम त्यांनी माझ्यासाठी अडवून ठेवलंय. तेव्हा टपटपबाई, गुमान पडून राहा.

५ तारीख, गुरुवार

छोटी चष्म्यांच्या दुकानात कामाला आहे. सकाळी निघताना डबा, थर्मास, गोळ्या, कुबड्या सगळं हाताशी लावून जाते आणि मी दोन वर्षांची असल्यासारख्या सूचना देते. प्लॅस्टरच्या आत इतकी खाज सुटते की जीव नकोसा होतो. मी विणायची सुई आत घातली होती. तिने हिसकावून घेतली, वर भाषण दिलं.

व्यायामवाल्या बाई येऊन गेल्या. पायाची बोटं हलवा म्हणाल्या. बोटं वांग्यासारखी जांभळी आणि फुगलेली. मी हलवली. त्या म्हणाल्या छान. एवढ्याशा गोष्टीचं इतकं कौतुक शाळेतसुद्धा झालं नव्हतं माझं.

दुपारी काचेपलीकडून कुणीतरी गेलं. ठळक काही नाही, नुसती सावली, डोकं आणि खांदे. गेली आणि थोड्या वेळाने परत आली. शेजारीण असेल.

८ तारीख, रविवार

ती सावली रोज येते. दुपारी, ऊन काचेवर आलं की.

आज छोटीला सुट्टी म्हणून तिला सांगितलं. ती बोळात जाऊन बघून आली. टोकाच्या फाटकाला कुलूप आहे, गंजलेलं, आणि किल्ली घरमालकाकडे. मग म्हणाली, पाण्याची टाकी बघणारा भिंतीवरून येत असेल, तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?

ताप सावलीचा नाहीच. ताप आवाजाचा आहे. छोटी आज खडीवरून गेली तेव्हा करकर करकर, अगदी उशाशी चालल्यासारखं ऐकू आलं. सावलीचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

आणि चाल इतकी सुंदर! पाय दिसत नसले तरी मला चाल कळते, ती खांद्यांत दिसते. टाच जड पडते. उजवं पाऊल डाव्यापेक्षा किंचित उशिरा, मागे काही राहिलंय का बघत असल्यासारखं. असली चाल वर्षातून एकदा बघायला मिळते आणि तिला आवाज नाही. पडद्यावर असं दिसलं असतं तर मी चित्र थांबवून म्हटलं असतं, अहो, हिला पावलं द्या आधी. दिवसभर हात नुसते शिवशिवत होते.

९ तारीख, सोमवार

आज गंमत केली. छोटीकडून परात आणि डबाभर तांदूळ मागून घेतले. खडीचा आवाज तांदळात उत्तम निघतो. ती काही विचारत नाही हल्ली, फक्त सांडू नकोस म्हणाली. माझ्या कामाच्या पिशवीतले बूट सोबत आणलेच होते, ते हातांत घातले. बसून काम करायचं तर आम्ही असंच करतो.

ऊन आलं. सावली आली. मी परात मांडीवर घेतली आणि तिच्या खांद्यांवर नजर ठेवून पावलं दिली. टाच, चवडा. टाच, उशीर, चवडा. दुसऱ्या फेरीला अशी बसली की अंगावर काटा आला! साहेब असते तर पहिल्याच झटक्यात ओके म्हणाले असते.

ती थांबली. मीही थांबले. सवयच आहे ती, चित्र थांबलं की हात थांबतात. मग ती काचेकडे वळली. तोंड काही दिसलं नाही. बराच वेळ तशीच उभी होती. मग पुन्हा चालायला लागली, पण हळू, मला नीट जमावं म्हणून चालल्यासारखी. आम्ही दोघी खूप वेळ चाललो.

इतके दिवस नुसती पडून होते, त्यामुळे असेल, पण फार बरं वाटलं. कुणीतरी दाद दिल्यासारखं.

१० तारीख, मंगळवार

आज परात पलंगाखाली होती. बूट पिशवीत. दोन्ही हात माझ्या मांडीवर होते, मी मुद्दाम बघितले.

सावली आली आणि पावलं वाजली.

मी स्वतःशीच हसले आधी. म्हटलं, चला, खडी वाजायला लागली, इतके दिवस आपल्याच कानांना दडे बसले असतील. मग नीट ऐकलं. ती खडी नव्हती. ते तांदूळ होते. पितळी परातीचा तळ किंचित घुमतो, तो घुमारासुद्धा होता. माझ्या डाव्या बुटाच्या टाचेला एक चूक, म्हणजे बारीक खिळा, सैल आहे, तिची टिकटिकही होती.

स्वतःचं काम माणूस झोपेतही ओळखतो. तो माझा आवाज होता आणि तो मी काढत नव्हते.

उद्या ऊन आलं की पडदा लावून घेणार.

१२ तारीख, गुरुवार

पडदा लावला आणि काल काचेपाशी काही वाजलं नाही. मी खूश झाले, मूर्ख कुठली.

आज पावलं घरात होती. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, मग परत. फरशीवर, पण आवाज तांदळाचाच. मी ओरडले, कोण आहे म्हणून. पावलं थांबली. मी बोलायचं थांबल्यावर पुन्हा सुरू झाली.

छोटी संध्याकाळी आली ती तणतणतच. दाराबाहेर किल्ली शोधत असताना तिने मला आत चालताना ऐकलं म्हणे. मी शपथ घेतली. ती म्हणाली, जन्मभर ऐकतेय, तुझं पाऊल मला कळत नाही होय? लहानपणी तू जिना चढायला लागलीस की मी गोष्टीचं पुस्तक लपवायचे. पाय घालवून बसशील, मग मी काय करू, असं म्हणून रडली. मीही चिडून नाही नाही ते बोलले. ती जेवलीच नाही.

तिला काय सांगू? की माझं पाऊल मीच देऊन टाकलं?

१३ तारीख, शुक्रवार

कुबडी हातातून सुटली. फरशीवर पडली.

आवाज झाला नाही.

उचलली, पुन्हा टाकली. मुद्दाम उंचावरून टाकली. काही नाही. चांगल्या पायाने उडी मारत संडासापर्यंत गेले. इतकी वर्षं मी आवाजावर जगतेय आणि माझ्या उडीचा आवाज नाही. टाळी वाजवली, ती वाजली, पण लांबून आल्यासारखी.

व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, घसा बसलाय का तुमचा? नीट ऐकू येत नाही. कोमट पाणी पीत जा.

बाहेरच्या खोलीत पावलं आता रेंगाळत नाहीत. रुळली आहेत. मला भीती वाटतेय. फार भीती वाटतेय.

१४ तारीख, शनिवार

उपाय सुचला होता. आमच्यात आवाज चित्राच्या जरा मागेपुढे झाला की सगळं खोटं वाटायला लागतं, माणूस पडद्यावरून निखळतो. म्हटलं, बिघडवायचं. पडदा उघडला, परात घेतली, हातात बूट घातले आणि वाट बघत बसले.

ती आली. मी मुद्दाम चुकीची पावलं दिली. पुढे, मागे, कशीही.

परात वाजलीच नाही. मी तांदूळ उधळेपर्यंत बडवत होते आणि खोलीत शांतता. तिची पावलं तेवढी चोख. काचेपाशी येऊन ती थांबली आणि मग मला हाक ऐकू आली. छोटीला मी मारते तशी, शेवटी लांबवलेली हाक. माझ्याच आवाजात. नीट जमली नव्हती. तिने पुन्हा मारून बघितली.

१५ तारीख, रविवार

छोटी दिवसभर घरी. पावलं नाहीत. मी बोलते ते तिला ऐकू येत नाही, कान तोंडाशी आणते तरी नाही. सगळं कागदावर लिहून दाखवलं. तिने दोनदा वाचलं, माझ्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, दुखण्याच्या गोळ्यांनी होतं असं, पत्रकात छापलंय. उद्या ती लवकर येणार आणि मला डॉक्टरांकडे नेणार.

लिहिलं, उद्या जाऊ नकोस. म्हणाली, अर्धा दिवस फक्त. ताई, मी आहे ना?

हो. तू आहेस. तूच आहेस फक्त.

१६ तारीख, सोमवार. दुपार

छोटी आली. कुलूप उघडल्याचं ऐकलं. इकडे न येता सरळ स्वयंपाकघरात — चहा टाकतेय. पाठ दिसतेय.

पावलं तिच्या मागे गेली.

छोटीने ऐकलं. वळली नाही, हसली. रागावली नाही! म्हणतेय, बघ, तू ऐकायची नाहीसच, पण किती छान पडतंय गं पाऊल, अगदी पूर्वीसारखं — आणि पदराने डोळे पुसतेय. आनंदाने.

मी ओरडतेय. ओरडतेय. घशातून नुसती हवा.

कुबडी भिंतीवर आपटली. काही नाही.

फोनवर मेसेज केला — मागे बघू नकोस, पळ. ओट्यावर तिचा फोन वाजला. तिने वाचला. खळखळून हसली. म्हणाली, पाठीमागे उभी राहून मेसेज कसले करतेस, वेडाबाई? फोन पालथा ठेवला.

आणि तिला उत्तर मिळालं. माझ्या आवाजात. आता चांगलं जमतंय.

मला ती दिसत नाही. छोटीची पाठ दिसते आणि पाठीवर पडलेली सावली. सावलीने हात उचलला आहे. छोटी दोन कप काढतेय. कप भरले की वळेल आणि तिलाच ताई म्हणेल.

मी पाय खाली घेतला. टेकवला. आत काहीतरी सरकलं — असू दे, गेला तर गेला. पण एक पाऊल टाकलं की कोसळतेय. पोचणार नाही. ही वही फरशीवरून सरकवते. छोटीच्या पायांशी जाईल. ती खाली बघेल, मागे नाही —

छोटे, वाच. वळू नकोस. चहा तसाच सोड आणि गॅसशेजारच्या दाराने सरळ बाहेर जा. मी खोलीत आहे, जमिनीवर. मी हाक मारली तरी वळू नकोस, मला हाक मारता येत नाही. तुझ्या खांद्यावर आत्ता जो हात ठेवलाय तो