रूथने भाकर घेतली नाही

६ सप्टेंबर, शनिवार
संध्याकाळी तयारीची उपासना. उद्या देवळात प्रभुभोजनाची भाकर, म्हणून आज ज्याचं कुणाशी बिनसलंय त्याने उठून जायचं, हात द्यायचा, क्षमा मागायची. ही रीत आमच्या मंडळीने गावाकडूनच आणली. दोघी जावा पाण्याच्या मोटरवरून भांडलेल्या, त्या रडल्या, गळ्यात पडल्या. मी नेहमीसारखा बाकावर. मला कुणाकडे जावं लागत नाही, माझ्याकडे कुणी येत नाही.
निघताना पाळकसाहेब चारचौघांत म्हणाले, "साळवेभाऊ आजारी रूथबाईंचं ज्या प्रकारे करतात, ती जिवंत साक्ष आहे." मी मान खाली घातली. आत काही हललं नाही. हे कधीपासून असं आहे कोण जाणे. प्रार्थना वेळेवर होते, वाचन होतं. पलीकडून फोन उचलत नाही कुणी.

७ सप्टेंबर, रविवार
लिहू की नको.
दुपारी पाळकसाहेब रूथसाठी प्रभुभोजन घेऊन मोहने गावातल्या आमच्या घरी आले. अर्धांगाने उजवी बाजू गेल्यापासून तिला देवळात नेता येत नाही. मी तिला आंघोळ घातलेली, वेणी घातलेली, पांढरी साडी. टेबलावर धुतलेलं कापड. प्रार्थना झाली. त्यांनी भाकर पुढे धरली, रू.ने तोंड फिरवलं.
"काय झालं बाई?"
"मला घेता येत नाही. माझं मन ह्यांच्याशी सरळ नाही."
"काय केलं ह्यांनी?"
"काही नाही. वाईट असं काहीच केलं नाही."
ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, भाऊ, रीतीप्रमाणे तुम्ही क्षमा मागा. मी तिचा डावा हात धरला, मागितली.
"कशाबद्दल?" रू. म्हणाली.
सांगता आलं नाही.
"मग कळलं की मागा."
भाकर झाकून ते परत गेले. चहासुद्धा घेतला नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार
कामावरून आलो. औषध दिलं, पाय चोळले, मग विचारलं, माझं काय चुकतं ते सांग तरी.
म्हणाली, "मला भरवता तेव्हा माझ्याकडे बघता का?"
म्हटलं, बघतो की. सांडू नये म्हणून.
हसली. ते हसणं बरं नव्हतं. "तेच तर. मी तुमची परीक्षा आहे. तुम्ही रोज पास होता, आणि मी पेपरासारखी इथे पडून असते."
मी औषधाची बाटली जागेवर ठेवली. तर म्हणे, "बघा, रागावलातसुद्धा नाही."

१४ सप्टेंबर, रविवार
रू. गेली. मालनकडे, कोपरीला. मालन तिची धाकटी बहीण, विधवा, घरी ब्लाऊज शिवते. तोंडाने फटकळ, घरात पसारा. रू.नेच तिला फोन करून बोलावलं, मला आज कळलं.
कुठली गोळी केव्हा, ते मी मालनला परत परत समजावत होतो. ती म्हणाली, "दाजी, आक्काला मी कसायाकडे नाही नेत."
रिक्षात बसवताना रू.चं डोकं माझ्या खांद्यावर आलं. तिने लगेच सावरून घेतलं.
शेजारच्या जाधववहिनी जिन्यात म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही एवढा देवमाणूस, तरी कशी गेली हो ती?" त्यांनी मनापासूनच विचारलं.

२१ सप्टेंबर, रविवार
उपासनेनंतर कोपरी. दाराशी कॉटवर रू. केस मोकळे, पदरावर डाग. मांडीवर भज्यांची प्लेट. मालन कुठल्याशा गिऱ्हाइकाची नक्कल करत होती, "अगं, हे माप माझंच आहे, मीच जरा वाढलेय," आणि रू. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. हे हसणं मी विसरून गेलेलो.
दाराबाहेर थोडा वेळ थांबलो. मग आत गेलो आणि तोंडातून काय निघालं, तर, "दुपारची गोळी झाली का?"
"आले इन्स्पेक्टर," मालन.
सगळं थांबलं. रू.ने प्लेट बाजूला ठेवली.
गोळी राहिलेलीच होती. माझं खरं होतं. माझं नेहमीच खरं असतं.

२३ सप्टेंबर, मंगळवार
गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, विश्वास हे झाड, चांगलं वागणं हे त्याचं फळ. मी उलटं केलं असावं. फळं आणून फांद्यांना दोऱ्याने बांधत बसलो. लांबून छान दिसतं. लोक येऊन बघून जातात. खाली मूळ आहे की नाही हे
नको.

४ ऑक्टोबर, शनिवार
तयारीची उपासना. आज मी उठून उभा राहिलो. का, ते माहीत नाही. जिच्याकडे जायचं ती कोपरीला. मागून कुणीतरी म्हणालं, "साळवे, तुम्ही कुणाशी भांडलात बुवा? मच्छराशी?" लोक हसले. प्रेमानेच हसले. खाली बसलो.

५ ऑक्टोबर, रविवार
मंडळीचा पंच म्हणून भाकरीचा ट्रे मीच रांगांतून फिरवला. सगळ्यांना दिलं, स्वतः घेतलं नाही. पाळकसाहेबांनी पाहिलं. नंतर बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, हा गर्व आहे. लायक आहोत म्हणून कुणी घेत नसतं. ती कृपा आहे."
बरोबर आहे. हे मी स्वतः रविवारच्या शब्बाथशाळेत मुलांना शिकवलंय. पण मी आजवर लायक म्हणूनच घेत आलो. कृपेची मला कधी गरजच लागली नाही. उपाशी माणसाला भाकरी कळते. मी कायम पोट भरून आलेलो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
हे लिहायलाच हवं.
कामावर मालनचा फोन. रू. मोरीत पडली. दिवाळीच्या ब्लाऊजची घाई, गिऱ्हाईक दारात आलं म्हणून मालन तिला एकटीला सोडून उठली. डावं मनगट मोडलं, प्लास्टर घातलंय, बाकी ठीक. मालन रडत होती. "दाजी, माझं चुकलं, मला बोला काहीतरी." मी म्हणालो, असू दे, कुणाच्याही हातून होतं. आवाज शांत. चांगला.
फोन ठेवला आणि मला बरं वाटलं. आता कळेल तिला, असं वाटलं. माझ्या हातून कधी पडली होती का? छातीत गरम, गोड असं काहीतरी पसरलं. कित्येक दिवसांत आत काही हललं नव्हतं, आणि हललं ते हे.
डबा खाल्ला. चवीने खाल्ला.

१८ ऑक्टोबर, शनिवार
कोपरी. फटाके, दारोदारी कंदील. रू.चा चालता हात तेवढा एकच होता, तोही आता गळ्यात बांधलेला. मालन माझ्याकडे बघत नव्हती.
मी सरळ बोललो. "तू पडल्याचा फोन आला तेव्हा मला बरं वाटलं. आनंद झाला. क्षमा कर."
चहा गाळता गाळता मालन थांबली. "दाजी, हे काय बोलताय?"
रू. माझ्याकडे बघत होती. मीही बघत होतो. मग म्हणाली, "तेवढंच?"
त्यात राग नव्हता. थट्टाही नव्हती. क्षमा तर नव्हतीच.
मालनने बशीत चहा ओतून, फुंकर मारून तिला पाजला. थोडा हनुवटीवरून ओघळला. मालनने तो स्वतःच्या पदराने पुसला आणि दोघी त्यावरून काहीतरी बोलून हसल्या. माझा कप हातात गार झाला.

१९ ऑक्टोबर, रविवार
उपासनेला गेलो, पण प्रार्थना करता आली नाही. आजवर मी चांगुलपणाचा पाट मांडून, त्यावर बसून देवाशी बोलायचो. पाट गेला. जमीन गार आहे. इथून हाक कशी मारतात हे मला कुणी शिकवलेलं नाही, किंवा शिकवलं तेव्हा वाटलं, हे दुसऱ्यांसाठी.
पाळकसाहेबांनी विचारलं, पुढच्या महिन्यात प्रभुभोजन कोपरीला आणू का, दोघांसाठी? म्हटलं, सांगतो.
तेवढंच, असं ती म्हणाली. नाही, तेवढंच नाही. तिला अर्धांग झालं तेव्हा मंडळी घरी आली, माझं नाव घेऊन प्रार्थना झाली, आणि मला ते आवडलं. ती गेल्यापासून घर हलकं वाटतं, तेही आहे. खाली अजून काय काय असेल. हे सगळं ऐकून ती माझ्या हातून भाकर घेईल, की मालनला दार लावायला सांगेल?
शनिवारी जायचं ठरवलंय. आधी काय सांगायचं, ते ठरत नाही.